बालगुन्हेगार, शिक्षा आणि लोकमत

“सतरा वर्षांचा आहे म्हणून काय झाले? गुन्हा तर मोठ्या माणसासारखा केला ना? मग शिक्षाही मोठ्या माणसासारखीच झाली पाहिजे!” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या प्रवासात, लग्नाच्या पंगतीत आणि आपल्या स्वतःच्या घरातही ते ऐकू येते. आपल्यापैकी अनेकांनी ते उच्चारलेही असेल. हे वाक्य बोलणारी माणसे दुष्ट नसतात. उलट, अन्याय झालेला पाहून ज्यांचे मन पेटून उठते अशीच ती माणसे असतात. परंतु मन पेटून उठणे आणि न्याय होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्याय करावयाचा असेल तर संतापाबरोबर माहितीही लागते. आपल्या मंडळाच्या सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना ही माहिती थोडक्यात मिळावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

विषय समजण्यासाठी आपण एकाच शहरातील दोन प्रकरणांपासून सुरुवात करू.

पुण्यातील दोन प्रकरणे

पहिले प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव पोर्शे मोटारीने मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंते, एक युवक व एक युवती, मृत्युमुखी पडले. मोटार चालवीत होता असा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा, धनिक घरातील. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला. जामिनाच्या अटींत अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. ‘दोन जीव गेले आणि शिक्षा काय, तर निबंध!’ असा उद्रेक देशभर झाला. पुढे त्याला निरीक्षणगृहात ठेवण्यात आले आणि २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणे बेकायदेशीर ठरवून त्याची सुटका केली. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून त्याचे आईवडील व डॉक्टर यांना अटक झाली. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने फेटाळली.

दुसरे प्रकरण त्याच शहरातील, पण फार थोड्यांच्या स्मरणात आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातील पाच स्त्रिया व दोन मुले यांची हत्या झाली. त्या स्त्रियांपैकी एक गर्भवती होती. सारे शहर हादरले. आरोपींमध्ये राजस्थानातून कामासाठी आलेला एक मुलगा होता. त्याच्यावर प्रौढ माणसाप्रमाणे खटला चालला. १९९८ साली त्याला फाशीची शिक्षा झाली. २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या गावच्या शाळेचा दाखला पुढे आला. त्या दाखल्याची चौकशी होऊन २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय १२ वर्षे ६ महिने होते. कायद्याप्रमाणे त्याला अधिकात अधिक तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, आणि त्यातील बराच काळ फाशीच्या छायेत होता.

वाचकहो, ही दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या प्रकरणानंतर आपण म्हणालो, “हा कायदा फार मऊ आहे, तो कडक करा.” परंतु तोच मऊ कायदा १९९४ सालीही पुस्तकात होता. तो त्या बारा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचलाच नाही, कारण त्याचा शाळेचा दाखला वेळेवर न्यायालयापुढे आला नाही. गुन्हा भयंकर होता यात शंका नाही. सात निरपराध जीव गेले. परंतु गुन्हा जितका भयंकर, तितका ‘हे मूल आहे काय?’ हा प्रश्न विचारण्याची आपली तयारी कमी होते, हेच या प्रकरणाने दाखविले. पुढील सर्व विवेचन वाचताना ही दोन मुले डोळ्यांपुढे ठेवावीत, अशी विनंती आहे.

कायदा कसा घडत गेला

मुलांना वेगळे वागवावे ही कल्पना आजची नाही आणि ती केवळ परदेशातून आयात झालेलीही नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत असे म्हटले होते, की सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा होत नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास परिणामांची जाण नसेल तर त्याचेही कृत्य गुन्हा ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच तरतूद कायम आहे.

बारा वर्षांपुढील मुलांचे काय, हा खरा प्रश्न होता. मुंबईत १८५७ सालीच डेव्हिड ससून यांच्या नावाने मुलांसाठी सुधारशाळा निघाली होती. मुलांना तुरुंगात मोठ्या कैद्यांबरोबर ठेवले तर ती पक्की गुन्हेगार होऊनच बाहेर पडतात, हा अनुभव त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही आला होता. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी व्यवस्था सुचविली. त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी मुलांचे स्वतंत्र कायदे केले. आपल्याकडील जुनी माणसे अजूनही ज्याला ‘रिमांड होम’ म्हणतात, ती व्यवस्था याच परंपरेतील आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा राहिला. काही ठिकाणी तो नुसता कागदावर होता आणि मुले तुरुंगातच होती. पत्रकार शीला बारसे यांनी ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. १९८६ साली न्यायालयाने, मुलांना तुरुंगात ठेवू नये आणि साऱ्या देशासाठी एकच कायदा असावा, असे सांगितले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम झाला. त्यात मुलगा असल्यास १६ वर्षांपर्यंत आणि मुलगी असल्यास १८ वर्षांपर्यंत ‘बाल’ धरले जाई. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला आणि १९९२ साली भारताने तो स्वीकारला. त्या कराराला अनुसरून २००० साली नवा कायदा झाला व मुलगा-मुलगी दोघांसाठी वय १८ करण्यात आले.

येथे राज्यघटनेचीही आठवण करून देणे आवश्यक आहे. अनुच्छेद १५(३) प्रमाणे राज्याला स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष तरतूद करता येते. मुलांना वेगळे वागविणे हा समतेचा भंग नसून, असमान स्थितीत असलेल्याला न्याय देण्याचा तो मार्ग आहे. आरक्षणाचा विचार समजलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

डिसेंबर २०१२ आणि त्यानंतर

१६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. सहा आरोपींपैकी एकाचे वय अठराला काही महिने कमी होते. देशभर लोक रस्त्यावर उतरले. तो संताप न्याय्य होता. त्या संतापामुळेच स्त्रियांवरील अत्याचारांचे कायदे सुधारले, हे मान्य केलेच पाहिजे.

कायद्यात काय बदल करावे हे सुचविण्यासाठी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीकडे सुमारे ८०,००० सूचना आल्या. जानेवारी २०१३ मध्ये समितीने अहवाल दिला. त्यात मुलांचे वय १८ वरून १६ वर आणण्याची शिफारस समितीने केली नाही. मुलांच्या गृहांची दुरवस्था सुधारा, हेच तिने बजावले. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वय कमी करण्यास नकार दिला. ३१ ऑगस्ट २०१३ रोजी बाल न्याय मंडळाने त्या मुलास तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्याचा आदेश दिला. कायद्याप्रमाणे तीच अधिकतम मुदत होती.

ही मुदत २० डिसेंबर २०१५ रोजी संपली आणि तो सुटला. पुन्हा संताप उसळला. लोकसभेने नवा कायदा त्या वर्षीच्या मे महिन्यातच संमत केला होता. राज्यसभेत मात्र तो अडकला होता. संसदेच्या स्थायी समितीने फेब्रुवारी २०१५ मध्ये, सोळा वर्षांवरील मुलांना प्रौढांप्रमाणे वागविण्याच्या तरतुदीस विरोध केला होता. सुटकेनंतर दोनच दिवसांनी, २२ डिसेंबर रोजी, राज्यसभेने कायदा संमत केला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. विशेष म्हणजे, ज्या मुलामुळे कायदा बदलला त्याला तो लागूच होऊ शकत नव्हता. कारण गुन्ह्यानंतर कडक केलेला फौजदारी कायदा मागील गुन्ह्याला लावता येत नाही. नवा कायदा लागणार होता तो पुढील मुलांना.

आजचा कायदा काय सांगतो

२०१५ च्या कायद्याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. म्हणून त्याचे मुख्य मुद्दे क्रमाने देत आहोत.

१. अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे नेले पाहिजे.

२. मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असावी लागते.

३. जामीन देणे हा नियम आहे. मुलगा वाईट संगतीत सापडण्याचा, त्याच्या जिवाला वा मनाला धोका असण्याचा किंवा न्यायाला बाधा येण्याचा संभव असेल तरच तो नाकारता येतो. म्हणजे पुण्याच्या प्रकरणातील जामीन ही ‘शिक्षा’ नव्हती. चौकशी तेव्हा सुरूही झाली नव्हती.

४. दोष सिद्ध झाल्यास समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडणे, अथवा अधिकात अधिक तीन वर्षे विशेष गृहात ठेवणे असे आदेश देता येतात.

५. मुलाचे वय १६ ते १८ असेल आणि गुन्हा किमान सात वर्षे शिक्षेचा असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. गुन्हा करण्याची मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची त्याला असलेली जाण आणि गुन्हा घडला ती परिस्थिती पाहिली जाते. त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठविता येते व तेथे प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. कायद्यात किमान शिक्षाच सांगितलेली नसेल तर तो गुन्हा या वर्गात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले.

६. तरीही फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप मुलास देता येत नाही. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला तुरुंगात नव्हे, तर सुरक्षित गृहातच ठेवावे लागते.

७. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता प्रसिद्ध करण्यास बंदी आहे.

‘कायद्यात काहीच कडकपणा नाही’ हे म्हणणे २०१६ पासून खरे राहिलेले नाही. पाचव्या मुद्द्यात मात्र एक धोका आहे आणि तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. मुलगा ‘मोठ्यासारखा’ आहे काय, हे ठरवायचे कसे? जो मुलगा बाराव्या वर्षापासून गॅरेजवर राबतो, धाकट्या भावंडांना सांभाळतो, व्यवहार करतो, तो बोलण्या-वागण्यात वयापेक्षा मोठा दिसतो. जो मुलगा बंगल्यात वाढला, ज्याच्या बाजूने वकील व समुपदेशक उभे आहेत, तो लहान दिसतो. ज्याच्यावर परिस्थितीने लवकर मोठे होण्याची पाळी आणली, त्यालाच कायद्यानेही मोठे ठरवावे, असा हा धोका आहे. हे मूल्यमापन अत्यंत नाजूक काम आहे, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला तो उगीच नाही.

इतर देशांचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपला नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ दहा-दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या एका बालकाला बाजारातून पळवून ठार मारले. त्यांच्यावर प्रौढांच्या न्यायालयात खटला चालला. आरोपीच्या पिंजऱ्यातून मुलांना समोरचे दिसावे म्हणून तेथील जमीन उंच करावी लागली! एवढी ती लहान होती. न्यायाधीशाने किमान आठ वर्षांची मुदत ठरविली, मुख्य न्यायाधीशांनी ती दहा केली. त्यानंतर सुमारे पावणेतीन लाख सह्यांचा अर्ज गृहमंत्र्यांकडे गेला. एका वृत्तपत्राने छापलेली हजारो कूपने वाचकांनी भरून पाठविली. गृहमंत्र्यांनी मुदत पंधरा वर्षे केली. लोकक्षोभावर शिक्षा ठरविणे अयोग्य आहे, असे म्हणून तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १९९७ मध्ये ती रद्द केली. १९९९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, त्या मुलांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असे ठरविले.

१९९४ साली नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे पाच वर्षांच्या मुलीला तिच्याच बरोबरीच्या, सहा वर्षांच्या मुलांनी मारहाण केली व ती मरण पावली. तेथे पंधरा वर्षांखालील मुलांवर खटला होत नाही. ती मुले थोड्याच दिवसांत पुन्हा बालवाडीत गेली. मानसोपचार तज्ज्ञ व गावकरी यांनी त्यांना सांभाळले. या दोन घटनांतील मुलांच्या वयात फरक आहे, म्हणून तुलना मर्यादेतच केली पाहिजे. तरीही मूल मारून गेलेल्या गावाने ‘त्यांना आमच्या हवाली करा’ असा घोष केला नाही, ही गोष्ट विचार करावी अशी आहे. लोकमत हे पावसासारखे आपोआप पडत नाही. समाजातील जबाबदार माणसे काय बोलतात यावर ते घडते.

अमेरिकेत १९९५ च्या सुमारास काही विद्वानांनी, निर्दय तरुण गुन्हेगारांची लाट येणार, असे भाकीत केले. बहुतेक राज्यांनी मुलांना प्रौढ न्यायालयात पाठविणे सोपे केले. लाट आली नाही, उलट मुलांचे गुन्हे कमी होत गेले. प्रौढांच्या व्यवस्थेत पाठविलेली मुले पुढे कमी नव्हे, तर अधिक हिंसक गुन्हे करतात, असा निष्कर्ष तेथील सार्वजनिक आरोग्य तज्ज्ञांच्या गटाने २००७ साली काढला. म्हणजे कडक शिक्षेने ज्यांचे रक्षण व्हावे असे आपल्याला वाटते, त्या समाजाचेच तिने नुकसान होते.

लोकमत कसे बनते?

येथे एक महत्त्वाचा अभ्यास सांगितला पाहिजे. १९८० च्या दशकात कॅनडातील अँथनी डूब व ज्युलियन रॉबर्ट्स या अभ्यासकांनी लोकांचे दोन गट केले. एका गटाला खटल्याची वृत्तपत्रातील बातमी वाचावयास दिली. दुसऱ्या गटाला त्याच खटल्याच्या न्यायालयीन कागदपत्रांचा सारांश दिला. बातमी वाचणाऱ्यांना शिक्षा फार सौम्य वाटली. कागदपत्रे वाचणाऱ्यांत तसे म्हणणारे पुष्कळच कमी निघाले. खटला एकच होता, शिक्षाही एकच होती. फरक होता तो माहितीचा.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरीही करून पाहावा. समजा, बातमी अशी आहे : ‘सोळा वर्षांच्या मुलाने वृद्धेला ढकलून तिची पर्स पळविली, हाड मोडले.’ काय शिक्षा द्याल? आता हेही समजा, की त्या मुलाचा बाप दारूपायी गेला, आई धुणीभांडी करते, नववीत शाळा सुटली, मोठ्या टोळीच्या माणसाने त्याला पुढे घातले, आणि पकडल्यावर तो त्या म्हातारीची माफी मागण्यास तयार आहे. आता काय शिक्षा द्याल? म्हातारीचे हाड मोडलेले आहे, ते या माहितीने जुळत नाही. तिची भरपाई झालीच पाहिजे. परंतु आपले उत्तर बदलले काय, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे.

दुसरी गोष्ट संख्येची. वृत्तवाहिन्या पाहून असे वाटते, की निम्मे गुन्हे मुलेच करतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात एकूण ५८,२४,९४६ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी मुलांविरुद्धची प्रकरणे ३०,५५५ होती. म्हणजे शेकडा अर्ध्याच्या आसपास. तीसुद्धा अशा देशात, जेथे लोकसंख्येत मुलांचा वाटा फार मोठा आहे. महाराष्ट्राचा आकडा राज्यांत सर्वांत मोठा, ४,४०६ होता. त्याबद्दल आपण निश्चिंत राहू नये, पण भयभीतही होऊ नये.

तिसरी गोष्ट घाईची. सप्टेंबर २०१७ मध्ये हरियाणातील गुरुग्राम येथे शाळेत एका सात वर्षांच्या मुलाची हत्या झाली. पोलिसांनी शाळेच्या बसच्या कंडक्टरला पकडले. दूरदर्शन वाहिन्यांनी त्याला गुन्हेगार ठरविले, लोकांनी फाशीची मागणी केली. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला तेव्हा तो गरीब कंडक्टर निर्दोष निघाला, आणि त्याच शाळेतील अकरावीच्या एका विद्यार्थ्यास ताब्यात घेण्यात आले. जे लोक कंडक्टरला फाशी मागत होते, तेच आता त्या विद्यार्थ्याला मागू लागले. मागणी तीच राहिली, माणूस मात्र बदलला. अशा मागणीवर कायदा कसा उभा करावयाचा?

संतापातील खरे आणि खोटे

याचा अर्थ लोकांचा संताप निव्वळ अज्ञान आहे, असे नव्हे. त्यात दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि मुलांच्या हक्कांविषयी बोलणाऱ्यांनी त्या टाळू नयेत.

पहिली, ज्याचे माणूस गेले त्याचे दुःख. गुन्हेगाराचे वय कमी होते म्हणून आईचे दुःख कमी होत नाही. मंडळाचे काम गोपनीय चालते. मुलाची ओळख लपविणे योग्यच आहे, परंतु त्यामुळे पीडित कुटुंबालाही पुष्कळदा काही कळत नाही. ‘आत काय चालले आहे?’ या अंधारातून अविश्वास वाढतो. पीडितांना चौकशीची प्रगती सांगणे, भरपाई वेळेवर देणे, हे झाले तर ‘फाशी द्या’ या मागणीची धार पुष्कळ बोथट होईल.

दुसरी, पैशाचा प्रश्न. पुण्याच्या प्रकरणात लोक खरोखर कशावर चिडले होते? निबंधावर चिडले, हे खरे. पण त्यामागे ‘गरिबाच्या पोराला असे सोडले असते काय?’ हा प्रश्न होता, आणि तो अगदी योग्य प्रश्न होता. उत्तर शोधण्यासाठी १९९४ चा मुलगा पाहावा. मात्र या प्रश्नातून जो निष्कर्ष काढला गेला तो चुकला. श्रीमंताच्या मुलाला मिळालेली सवलत काढून घ्या, असे आपण म्हटले. खरे तर, तीच सवलत गरिबाच्या मुलालाही द्या, असे म्हणावयास हवे होते. कारण कायदा कडक झाला की तो प्रथम कोणावर पडतो? २०१३ च्या शासकीय आकडेवारीप्रमाणे, पकडल्या गेलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी मुले वर्षाला २५,००० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतील होती. बंगल्यातील मुलासाठी मागितलेला चाबूक झोपडपट्टीतल्या मुलाच्या पाठीवर पडतो, हे आपल्या लोकांनी तरी विसरू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच कपाळावर शिक्का मारला होता. तो शिक्का पुसावयास किती पिढ्या लागल्या, हे ज्यांनी सोसले त्यांना विचारावे.

आपले कर्तव्य

केवळ विचार वाचून भागणार नाही. आपल्या वस्तीतील मूल पकडले गेले तर काय करावे, हे प्रत्येक सभासदास ठाऊक असावे.

प्रथम वयाचा पुरावा. कायदा शाळेचा किंवा दहावीचा दाखला पाहतो. तो नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तर हाडांची वैद्यकीय तपासणी. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने ‘१ जून’ लिहिलेले कितीतरी जण आहेत. तेव्हा त्याचे हसू आले, पण त्या अंदाजातील एका वर्षाची चूक मुलाला मंडळापुढे न्यायचे की तुरुंगात, हे ठरवू शकते. मुलांच्या जन्माची नोंद करा आणि दाखला जपून ठेवा. बाल असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, केव्हाही, अंतिम निकालानंतरसुद्धा करता येतो. १९९४ च्या प्रकरणातील सुटका याच तरतुदीने झाली.

दुसरे, वकील. प्रत्येक बालकास विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. ती मेहेरबानी नव्हे.

तिसरे, तोंडाला आवर. मुलाचे नाव व छायाचित्र मोबाईलवरून पसरविणे हा अपराध आहे. आपण पाठविलेले चित्र त्याच्या चाळिशीपर्यंत त्याचा पाठलाग करील.

चौथे व सर्वांत कठीण, परत आलेल्या मुलाला जागा देणे. प्रौढ म्हणून खटला चाललेली मुले सोडता, इतरांचा दोष त्यांच्या पुढील नोकरी-शिक्षणाच्या आड येऊ नये, असे कायदा सांगतो. परंतु कायद्याने पुसलेला शिक्का शेजारी पुन्हा मारतात. आपण अंगुलिमालाची कथा लहानपणापासून ऐकतो. तो काही बालक नव्हता. पण त्या कथेचा उत्तरार्ध आपण क्वचितच सांगतो. भिक्खू झाल्यावर तो भिक्षेस गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड-काठ्यांनी मारले. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. त्याला पकडण्यास निघालेल्या राजा प्रसेनजिताने त्याच्यातील बदल पाहून हात जोडले होते. लोकांना मात्र ते जमले नाही. माणूस बदलतो हे मान्य करणे राजाला साधले, गावाला अवघड गेले. आजही तसेच आहे.

एखादा मुलगा निरीक्षणगृहातून परत आला, तर त्याला मंडळाच्या अभ्यासिकेत बसू द्यावे, शाळेत पुन्हा नाव घालण्यास आईबरोबर कोणीतरी जावे, कामधंदा शिकविणारा कारागीर शोधून द्यावा. एवढे केले तरी पुष्कळ होईल. पुण्याच्या त्या बारा वर्षांच्या मुलासाठी १९९४ साली कोणी शाळेचा दाखला घेऊन न्यायालयात गेले असते, तर त्याची अठ्ठावीस वर्षे वाचली असती. त्यासाठी फार मोठी विद्वत्ता नको होती. ‘पोरा, तुझे वय किती?’ एवढे विचारणारे एक माणूस हवे होते. ते माणूस आपण व्हावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १९८६, २००० आणि २०१५ च्या कायद्यांत वयाविषयी काय फरक आहेत?

२. जामीन आणि शिक्षा यांतील फरक पुण्याच्या २०२४ च्या प्रकरणाच्या आधारे स्पष्ट करा.

३. ‘गुन्हा मोठा, म्हणून गुन्हेगारही मोठा’ या विचारात कोणती चूक आहे?

४. पीडिताचे दुःख आणि बालकाचे हक्क या दोहोंना न्याय देण्यासाठी तुम्ही काय सुचवाल?

५. आपल्या घरातील प्रत्येक मुलाच्या वयाचा दाखला कोठे आहे? आजच शोधून ठेवा.